सामानाच्या खोलीची खिडकी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगं मोजून घे. उजव्या पायाचा अंगठा सध्या बँडेजमध्ये आहे, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे असं विचारलं की तू ‘ठणठणीत’ म्हणतेस. खुब्याचं हाड मोडलं होतं त्या आठवड्यातही तू फोनवर हेच म्हणाली होतीस आणि खरी बातमी मला तुझ्या शेजारणीकडून कळली, त्यामुळे या वेळी मी विचारतच नाही. वॉकर वापरतेस की दाराआड उभा करून ठेवला आहेस, एवढं मात्र कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी भावजय मजेत आहे आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. पत्रास कारण तसं काही नाही.

मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, की मागे कसली ठोकाठोकी चालली आहे. मी म्हणालो, सामानाची खोली बांधतोय. तू म्हणालीस, दोन माणसांचं एवढं कसलं सामान? मी म्हणालो, साठतं. त्यावर तू गप्प बसलीस, आणि तू गप्प बसलीस की मला नेहमी काहीतरी जास्त बोलायची बुद्धी होते, म्हणून मी पुढे ट्रंका, जुने पंखे, फायली असं बरंच काही सांगत सुटलो. त्या खोलीचीच ही हकिकत आहे.

बत्तीस वर्षं मी बांधकाम परवानगी खात्यात नकाशे तपासले, हे तुला सांगायला नको. कुठलीही इमारत दिसली की आधी तिचा वर्ग ठरवायचा. राहण्याची, जमावाची, साठवणुकीची की धोकादायक मालाची. मग भिंत किती जाड, जिना किती रुंद, आग लागली तर कुठली भिंत किती तास तग धरेल, हे सगळं वर्गावरून ठरतं. ही सवय अंगात इतकी भिनली की मी माणसांनाही वर्ग देऊ लागलो. आपल्या थोरल्या काकांना मी कधीच चौथ्या वर्गात टाकलं होतं (ज्वालाग्राही, आणि बाहेर पडायला एकच दार). पण खात्यात आमचं खरं वैर होतं ते ‘सामानाची खोली’ या दोन शब्दांआड चालणाऱ्या करामतीशी. सामानाला उजेड लागत नाही, वारा लागत नाही, उंची कमी चालते. म्हणून लोक नकाशावर सामान लिहायचे आणि आत माणूस ठेवायचे. मी झुंबर टांगलेली सामानाची खोली पाहिली आहे, आणि एकदा पाळणा टांगलेलीसुद्धा. प्रत्येक नकाशा लाल पेनाने परत पाठवला. नव्यांना शिकवताना माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, की खोलीचं नाव नकाशावर वाचू नका, खोलीत जाऊन वाचा. हे वाक्य लक्षात ठेव, ते माझ्याच अंगावर येणार आहे.

बांधकाम सुरू झालं आणि गवंड्याचे ग्रह फिरले. मी रोज सकाळी वाळू काचेच्या बरणीत घालून, पाण्यात ढवळून, वर गाळाचा थर किती बसतो ते पाहायचो. (बरण्या स्वयंपाकघरातल्या होत्या. तुझ्या भावजयीच्या मौनाचा उगम इथे आहे. एका बरणीतली वाळलेली वाळू तिने साखर समजून जवळजवळ चहात घातली होती.) सिमेंटच्या पोत्यात हात घालून गार लागतंय का पाहायचो, दोन विटा एकमेकींवर वाजवून कान लावायचो. शेवटी गवंडी हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, “साहेब, मी भिंत बांधू का परीक्षेला बसू?” मी त्याला विचारलं, की ही भिंत आगीत किती तास टिकेल, तर त्याने माझ्याकडे नीट बघून उलट विचारलं, की आग कोण लावणार आहे. मग विटेची शेवटची तपासणी, म्हणजे ती कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायची आणि फुटते का बघायचं. वीट पास झाली. अंगठा नापास झाला.

खिडकीवर काय टाकायचं यावरून आमचं आणखी वाजलं. गवंडी म्हणे लोखंडी तुळई टाका, मी म्हणे जाड लाकडाची. लोकांना वाटतं लाकूड म्हणजे आगीचं खाद्य. पण जाड लाकूड वरून जळतं, कोळशाचा थर धरतं आणि आत शाबूत राहून बराच वेळ भार पेलत राहतं. उघडं लोखंड तापलं की वाकतं. भावोजी गेले तेव्हा मी लोखंडच निघालो, ते तू पाहिलंस. सांत्वनाला मी आलो होतो आणि पाठीवरून हात तू फिरवत होतीस. ते मला अजून खातं. तर, लाकडाची तुळई टाकली.

आता तपासणी. खात्यातून आली ती फूटपट्टी. (हे तिचं खात्यातलं नाव. कामाला लागली त्या आठवड्यात मी तिला सरकारी जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकेक करून मोजायला लावल्या होत्या, तेव्हा चिकटलं.) मी खुर्चीवर पाय वर करून बसलो होतो. तिने नमस्कार केला, अंगठ्याची चौकशी केली, नकाशावर माझ्या सुवाच्य अक्षरातलं ‘सामानाची खोली’ वाचलं आणि आत गेली. आतून फक्त टेपची सरसर. मी बाहेरून एक-दोनदा खोकलो. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सर, दार सव्वातीन फूट. उंबरठा नाही. दिव्याची बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशी. पलंगाशेजारी घंटा. खिडकी इतकी खाली, की खुर्चीतून रस्ता दिसावा. न्हाणीघरात धरायला दांडा आणि बसायला कट्टा.” मी म्हणालो, हो, जरा ऐसपैस केलंय खरं. ती म्हणाली, “सर, कुठलं सामान बसून अंघोळ करतं?”

बत्तीस वर्षांत इतका सरळ शेरा माझ्या हातून लिहिला गेला नव्हता. मला खरं तर तिचा अभिमान वाटला, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती. तिने लाल पेन काढलं (पेन मीच निरोपाच्या दिवशी तिला दिलं होतं, दैवाचे खेळ) आणि माझा नकाशा परत केला. खोली सामानाची असेल तर हद्दीकडच्या भिंतीला खिडकी चालत नाही, ती पंधरा दिवसांत विटांनी बुजवायची. राहती असेल तर खिडकी राहते, पण मग तिथे कोण राहणार, त्याची सही लागते. जाताना ती हळूच म्हणाली, की सर, कोणासाठी आहे? मी म्हणालो, ट्रंका आहेत. ती म्हणाली, बरं.

ताई, आता कबुली. तू पडलीस त्यानंतर मी आलो होतो, तेव्हा तू उशीवर डोकं ठेवून ठणकावून सांगितलं होतंस, की मी कुणाच्या घरात सामानासारखी पडून राहणार नाही. तेव्हापासून तुला विचारायची मला हिंमत झाली नाही. म्हटलं, आधी खोली बांधू, मग बघू. आणि खोलीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा घाबरून मी काय लिहिलं, तर सामान. सरकारी कागदावर, तीन प्रतींत. फूटपट्टी गेल्यावर ते मी पुन्हा वाचलं आणि मला फार वाईट वाटलं. तुझ्या जिन्यातली दुसऱ्या मजल्याची सातवी पायरी इतरांपेक्षा इंचभर उंच आहे, हे मी दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा चढलो तेव्हाच ओळखलं होतं. त्यावर विनोद केला, शेरा मारला नाही. तू त्याच पायरीवर पडलीस. जगभरच्या जिन्यांवर शेरे मारले आणि बहिणीचा तेवढा सोडला.

लहानपणी आपल्या दोघांना मिळून एकच खोली होती. तू मधे चादर बांधून तिचे दोन भाग केलेस आणि खिडकीचा भाग मला दिलास, कारण मला अंधारात झोप यायची नाही. तुझ्या बाजूला नुसती भिंत होती. त्या वयात मला वाटायचं, मोठ्या बहिणींना खिडकी लागतच नसावी.

बाकी सर्व ठीक. वॉकरचं कळव. मोठ्यांना नमस्कार लिहायचा म्हटलं तर आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून तुलाच पुन्हा.

तुझा धाकटा

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही. ‘खोलीचा वापर’ हा रकाना मी कोरा ठेवला आहे. मी पुष्कळ खोल्यांना नावं दिली, हिला तूच दे. सामान लिहायचं असेल तर तसं लिही, मी निमूटपणे खिडकी बुजवीन. गवंड्याकडे उरलेल्या विटा आहेत, असं तो म्हणतो.

ता. क. २. विटा उरलेल्या नाहीत. मी कालच त्याला परत न्यायला लावल्या.

ता. क. ३. वन्सं, पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून मी चार ओळी लिहिते आहे. विटेची तपासणी वगैरे काही नाही. त्या दिवशी हे खिडकीपाशी खुर्ची मांडून बसले होते, तुमच्या उंचीला रस्ता दिसतो का ते बघायला. दिसतो असं मला ओरडून सांगायला घाईने उठले आणि काठावरची वीट पायावर घेतली. असली पत्रं यांनी याआधी सहा वेळा लिहून फाडली आहेत. सामान ठेवायला आमच्या घरात जागा पुष्कळ आहे. खिडकीशी मीही बसून पाहिलं. कोपऱ्यावर वळणारा माणूस ओळखू येतो. तुम्ही येताना मला दिसाल.