जॉबरला बोलावायची खूण

सुदामा नगर, इंदूर
१ सप्टेंबर १९९६

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच मानून घ्या, कारण मुंबईला इतकी नाचले की गुडघे अजून वाकत नाहीत. आई बरी आहे. तिने तुमच्यासाठी लसणाची शेव करून ठेवली आहे आणि डबा रोज थोडा थोडा रिकामा होतो आहे. त्यात माझा हात नाही. तुमचं पत्र मिळालं. मिलचा भोंगा पुन्हा वाजेल असं कुणी म्हणतं का, एवढंच तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर शेवटी लिहिते. आधी माझं ऐका, नाहीतर माझं पोट फुटेल.

बाबा, मी टिन रूफ क्रूला बघितलं! समोर, जिवंत!

कृष्णपुऱ्याच्या दुकानातून मी कॅसेट भरून आणली होती आणि तुम्ही विचारलं होतंत, ही माणसं गाताहेत का भांडताहेत? तेच ते, न्यूयॉर्कचे चौघे. तिघं ठेक्यावर भराभर रॅप म्हणतात आणि चौथा बोटांनी तबकडी पुढेमागे घासून ठेका काढतो. केबलवर हल्ली नवी पोरं येतात, तरी मला हे जुनेच लागतात. त्यांच्या सगळ्या कॅसेट मला पाठ आहेत. अर्ध्याचा अर्थ कळत नाही, पण अथर्वशीर्षाचा तरी कुठे सगळा कळतो?

तिकिटाचे पैसे मी शिकवण्या करून जमवले होते. पण आईने अट घातली, बरोबर मोठं माणूस पाहिजे. आमचं मोठं माणूस इचलकरंजीला! मामाने तर ऐकताच कानाला हात लावले. शेवटी कोण तयार झालं असेल? मिलच्या साळखात्यात तुमच्याबरोबर माग चालवणारे पांडुरंगकाका! धोतर, टोपी, हातात दशम्यांचा डबा. स्टेडियमच्या दारावरचा माणूस त्यांच्याकडे आणि तिकिटाकडे आळीपाळीने बघत राहिला.

पहिल्या ठेक्यालाच माझ्या बरगड्या हलल्या. म्हटलं, आता काका मला ओढून बाहेर नेणार. वळून बघते तर ते डोळे मिटून हसताहेत. मागांच्या आवाजाने त्यांचे कान कधीचेच गेलेत, तुम्हाला माहीतच आहे. माझ्या कानाशी ओरडले, "अरे मंजू, ये तो अपनं साळखातंच आहे! कितने साल बाद बरोब्बर ऐकू येतंय बघ!"

मग रेटारेटीत मी पार पुढे गेले आणि काका मागे राहिले. मागे वळले तर काय, काका खुर्चीवर उभे, आणि त्यांचे हात चाललेत! सगळ्या तुमच्या खात्यातल्या खुणा. अंगठा ओठाशी नेला, चहा पाहिजे का? मिशीला पीळ दिला, मुकादम आला, म्हणजे पोलीस तुझ्याकडे बघतोय. मला सगळं कळत होतं. तुम्ही जेवताना तोंडात घास असला की असंच बोलायचात आणि आई चिडायची. त्या दणदणाटात कुणाला कुणाचं अक्षर कळत नव्हतं, फक्त आम्ही दोघं निवांत गप्पा मारत होतो.

आणि मग काकांनी हात सरळ वर केला आणि मूठ दोनदा फिरवली. माग बंद पडला, जॉबर, दुरुस्तीला लवकर ये. त्यांना डब्याचं झाकण निघत नव्हतं, म्हणून मला बोलावत होते! पण स्टेजवरच्या उंच गाणाऱ्याने ते बघितलं. त्याला वाटलं, हा म्हातारा नाचतोय. त्याने तसाच हात वर केला, मूठ दोनदा फिरवली, आणि मग अख्ख्या स्टेडियमने तेच केलं. बाबा, हजारो माणसं ठेक्यावर जॉबरला बोलावत होती! म्हणजे तुम्हालाच, साळखात्याच्या जॉबरला. मी हसता हसता रडायला लागले.

मुंबईहून परत आल्यापासून काका झांकीच्या कमिटीत एकच हट्ट धरून बसले. "पोरीला झांकीपुढे गाऊ द्या, भिया." मिल बंद पडली तरी कामगार दर अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत देखाव्याची झांकी काढतातच. यंदा आपल्या झांकीपुढच्या ट्रकवर मी आणि माझी मैत्रीण उषा रॅप म्हणणार आहोत. गल्लीतला वासुदेव ढोलावर असतो आणि काका त्याच्या चुका काढतात. "मागाचा धोटा दोन्ही बाजूंनी सारखा नाही वाजत रे, डावीकडून खट, उजवीकडून खट्याक!" आता ठेका असा बसलाय की शेजारचे म्हातारे ऐकायला येऊन बसतात. सुरुवात अशी आहे:

भोंगा वाजला, डबा उचल,
सायकल काढ, भिया, चल चल चल!

रॅपवाले ढगळ पँट घालतात. आईने बोहारणीसाठी काढलेली तुमची मिलची खाकी पँट मी पळवली आहे. सुतळीने बांधली की झकास बसते.

आता तुमचा प्रश्न. भोंगा वाजणार नाही, बाबा. आषाढात ट्रक भरभरून माग भंगारात गेले. तुम्हाला धक्का बसेल म्हणून कळवायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. पण भोंगा वाजला की येईन म्हणत तुम्ही तीन वर्षं परक्या शेडमध्ये दिवस काढताय, हे मला आता सहन होत नाही. आणि शेव खरं तर कुणी खात नाही. शिळी झाली की आई शेजारी वाटते आणि नवी करते, तुम्ही याल तेव्हा ताजी असावी म्हणून. मिल नाही उघडली तरी घर उघडंच आहे. मला तुमची फार आठवण येते.

चतुर्दशीला आमचा ट्रक कृष्णपुऱ्याच्या पुलावर आला की मी हात वर करून मूठ दोनदा फिरवीन. ही खूण दिसली आणि तुम्ही गेला नाहीत, असं कधी झालं नाही म्हणतात काका. बाबा, माग बंद पडलाय.

तुमच्याच साळखात्यातली,
मंजू


इचलकरंजी
९ सप्टेंबर १९९६

चि. मंजू,

अनेक आशीर्वाद. माग गेले हे मला ठाऊक होतं. इथल्या शेटने भंगारातून दोन माग आणले. ट्रकवरून उतरवायच्या आधीच ओळखले मी, आपल्याच मिलचे. तरी तुम्हाला विचारलं. घरचं कुणी खरं सांगतं का, ते बघत होतो. तू सांगितलंस, बरं वाटलं.

एक माग चालू करून दिला आहे. दुसरा चालू झाला की शेटचा निरोप घेऊन कायमचा निघतो. पांडुरंगाला सांग, ढोल मी आल्यावर बघीन. गाण्यात चूक आहे. भोंगा वाजला की डबा नाही, आधी टोपी. आणि पँट फाडू नकोस, मला लागेल.

पुलावर डाव्या हाताला उभा राहीन. मूठ एकदाच फिरवलीस तरी चालेल.

तुझा जॉबर,
बाबा