गुरुजींना आमची बोली येते का

गुरुजी, तुम्ही शिकवायला पात्र नाही असं ज्या खात्यानं ठरवलं, त्याच खात्यात मी तीस वर्षं मराठी शिकवली, आणि ती मराठी मी तुमच्याकडूनच शिकले होते. हे एवढं वाक्य मला कुणातरी साहेबाच्या टेबलावर हात आपटून म्हणायचं होतं. कुणाला म्हणणार? ते साहेब गेले, त्यांच्यानंतरचे गेले. तुम्ही तर कधीचेच गेलात. मी तेव्हा ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला ते चार दिवसांनी कळलं. आता मीच पेन्शनवाली म्हातारी झाले आहे. गुडघे धरलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण तुमचं प्रकरण आठवलं की अजून अंगाची लाही होते. सुना म्हणतात, आई, जाऊ द्या ना आता. का जाऊ द्यायचं?

तुम्ही प्रकाशा गावाजवळच्या गुजर घरातले, कापूस-केळीवाले. तुमची सातवीची फायनल परीक्षा गुजरातीतून झालेली. मोलगीपासून दोन तास चालत यावं लागायचं अशा आमच्या पाड्यावर नेमणूक झाली की मास्तर लोक आजारी पडायचे. तुम्ही ट्रंक डोक्यावर घेऊन आलात. आणि पहिले काही महिने तुम्ही शाळेपेक्षा आमच्या चुलीपाशीच जास्त बसलात. मला अजून दिसतं. याहा, माझी आई, भाकरी थापते आहे, तुम्ही विळा उचलून दाखवताय, याला काय म्हणता? मग तवा, मग राख, मग कोंबडीचं पिल्लू. याहा हसून बेजार. म्हणायची, एवढा मोठा माणूस आणि याला राख ठाऊक नाही! तुम्ही सगळं वहीत गुजराती अक्षरांत उतरवून घ्यायचात. वर्ष सरलं तसे तुम्ही आमच्या बोलीत भांडायलासुद्धा लागलात. मोलगीच्या बाजारात मिठाच्या व्यापाऱ्यानं माप मारलं तेव्हा माझ्या बापाच्या बाजूनं तुम्हीच तंडलात, आणि त्या व्यापाऱ्याला एक शब्द कळला नाही.

वर्गात तुमची रीत ठरलेली. गोष्ट आधी आमच्या बोलीत, मग तीच मराठीत, मग आमच्यातल्या एकानं उठून सांगायची. मुलं टिकली ती त्यामुळे. पण तपासणीला साहेब आला, दारातच थांबून त्यानं ऐकलं आणि शेरेबुकात लिहून गेला की शिक्षक वर्गात अशुद्ध बोली वापरतात, सुधारणा व्हावी. तुम्ही ते आम्हाला वाचून दाखवलंत. त्यानंतर कुणी पाहुणा आला असता माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला, तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं रागावलात. चिडलात की तुम्ही सरळ अहिराणीवर यायचात. "काय करी ऱ्हायनी तू? मन्ही नोकरी खाशी का?" आणि मग जरा शांत होऊन, "साहेब आला की मराठीच. गुरुजींना दुसरं काही येतच नाही असं समज." मी समजले. मी हुशार मुलगी होते ना.

मराठी भाषेचं नवं राज्य झालं आणि कागद आला. ज्यांची फायनल गुजरातीतून झाली त्यांनी मराठीची परीक्षा द्यावी, नाहीतर पद सोडावं. आपल्याकडे टपाल यायचं ते मोलगीच्या बाजाराच्या दिवशी, कुणाच्या तरी पिशवीतून. कागद तुमच्या हातात पडला तेव्हा अर्जाची मुदत उलटून गेली होती. ही कुणाची चूक? खातं म्हणालं, तुमची. राहिली एकच सवलत. डोंगरातल्या शाळेवरच्या शिक्षकाला मुलांच्या घरची बोली येत असेल तर परीक्षा माफ. तुम्ही अर्ज केलात, त्यांनी तो फेटाळला आणि तुम्हाला कमी केलं. ज्या खात्यानं तुम्ही बोली बोलता म्हणून शेरा मारला होता, तेच खातं आता म्हणत होतं की तुम्हाला बोली येत नाही! शेरेबुक असतं तर तोंडावर फेकता आलं असतं, पण ते तपासायला म्हणून नेलं होतं ते परत आलंच नाही.

तुम्ही मुंबईच्या मोठ्या कोर्टात गेलात. कोर्टानं खात्याला सांगितलं, या माणसाला बोली येते की नाही ते गावात जाऊन नीट विचारा आणि आम्हाला कळवा. तुम्हाला शाळेत परत यायला मिळणार की नाही, ते आता आमच्या उत्तरावर होतं. आणि तुम्ही आम्हाला काही म्हणजे काही सांगितलं नाहीत! वकिलानं बजावलं होतं म्हणे, साक्षीदारांना पढवायचं नसतं. गुरुजी, एवढं सोवळं कशाला पाळायचं? समोरचे पाळत होते का? तुम्हाला आमची माणसं ठाऊक होती. जंगलखात्याचा गार्ड येऊन विचारायचा, कुऱ्हाड कुणाची? माहीत नाय. लाकूड कुणी तोडलं? माहीत नाय. पँटवाल्या माणसानं काही विचारलं की आधी नाही म्हणायचं, हे आमची पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात.

खात्याचा साहेब चौकशीला आला. नोकरी गेली तरी तुम्ही पाडा सोडला नव्हता. तुम्हाला त्यानं नाल्यापलीकडे बसवून ठेवलं, तुमच्या डोळ्यांच्या धाकानं कुणी बोलू नये म्हणून. माझ्या बापाला विचारलं, गुरुजी तुमच्या बोलीत बोलतो का? बापाला वाटलं, जुना गुन्हाच निघाला परत. "नाय साहेब. आमचं नाय बोलत. कधीच नाय." शेजारचा म्हणाला, आम्ही तर कधी ऐकलंच नाय. याहानं तर कमाल केली. म्हणाली, तो माणूस आमच्या घरातच येत नाय. मग साहेब वर्गात आला. मी उभी राहिले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गुरुजी आमच्याशी नेहमी शुद्ध मराठीतच बोलतात. आमची बोली त्यांना येत नाही." साहेब हसला. म्हणाला, शाब्बास. मी उड्या मारत नाल्यापाशी आले आणि तुम्हाला सांगितलं, गुरुजी, वाचवलं तुम्हाला! तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि बराच वेळ तो काढला नाहीत.

कोर्टानं म्हटलं, ही वस्तुस्थिती वादाची आहे, त्यात आम्ही शिरत नाही. खात्यानं चौकशी केली, नियमाप्रमाणे केली, तेवढं आम्हाला पुरेसं आहे. शिरत नाही म्हणजे काय? तुम्हाला एक तास आमच्या चुलीपाशी बसवून पाहायचं, बस. मी पुढे कायद्याच्या माणसांना विचारलं. ते समजावतात, बाई, कोर्ट फक्त निर्णय कसा घेतला तेवढंच बघतं, तो बरोबर आहे का ते नाही बघत. मग कोण बघतं? खातं? त्यावर ते घड्याळ बघतात.

तुम्ही भावाच्या शेतात कापूस वेचायला गेलात. पण त्याआधी मला शहाद्याच्या शाळेत घालून दिलंत, वसतिगृहात जागा मिळवलीत, आणि फॉर्मवर पालक म्हणून सही केलीत, गुजरातीत. तिथल्या कारकुनानं भुवया वर केल्या. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं शिक्का मारून फॉर्म आत ठेवला.

त्याच्या आधीचा एक दिवस मात्र मी टाळत आले आहे. वकिलाच्या माणसानं निकालाचा मराठीत गोषवारा लिहून पाठवला होता. सगळा पाडा महूच्या झाडाखाली जमला, कोर्ट काय म्हणालं ते ऐकायला. तुम्ही म्हणालात, पोर वाचेल. अक्षर गिचमिड होतं म्हणून तुम्ही शेजारी बसून ओळीखाली बोट धरलंत. मी एक ओळ मराठीत वाचायची, तुम्ही ती आमच्या बोलीत सगळ्यांना सांगायचात. ज्याला बोली येत नाही असं त्या कागदात लिहिलं होतं तो माणूस! वाचता वाचता एक ओळ आली. चौथीतल्या एका मुलीनं स्पष्ट मराठीत सांगितलं की शिक्षकाला बोली येत नाही. माझा बाप समोर बसला होता, याहा होती, सगळे होते. तुमचं बोट त्या ओळीखाली होतं. मी थांबले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तुमचं बोट उचललं गेलं आणि खालच्या ओळीवर जाऊन थांबलं, आणि मी तिथून पुढे वाचलं.

तेव्हापासून ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल, शिक्षकांच्या सभेत, मुलांना, नातवंडांना. दर वेळी सांगते की साहेबानं मनाचं लिहिलं, धडधडीत खोटं लिहिलं. लोक हळहळतात, साहेबाला शिव्या देतात, मीही देते. गुरुजी, साहेबानं खोटं लिहिलं नव्हतं. मी म्हणाले होते तेच लिहिलं होतं.