कडेनं गेलेलं कासव

कडोली
९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय आक्का,

तुला आणि भावोजींना नमस्कार, ऋतिकाला पापा.

त्या दिवशी तू फोन रागानं ठेवलास, त्यानंतर मीही परत लावला नाही. आज शाळेला सुट्टी आहे. आई-आप्पा सांबऱ्याला लग्नाला गेलेत आणि अण्णा गोठ्यात आहे. घर असं रिकामं कधी मिळत नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगायला गेले असते तर तू रडली असतीस, मग मी रडले असते, आणि सांगायचं तसंच राहिलं असतं.

इकडं सगळं बरं आहे. मसूर काढायला आलाय. गावातलं साहित्य संमेलन झालं, आप्पा हौसेनं पुढच्या रांगेत बसले आणि अध्यक्षांच्या भाषणात झोपले. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. तू पाठवलेलं तेल ती लावते, पण फरक पडलाय असं फक्त तुझ्यासमोरच म्हणते.

आता तुझ्या बोलण्याचं. तू म्हणालीस, ओमकारसारखं स्थळ मी माझ्या हातानं घालवलं. समुद्रातले फोटो टाकले, ते बघून त्याच्या घरच्यांनी नको म्हटलं, आणि भावोजींना त्यांच्या दोस्ताच्या घरात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तुला जे सांगितलं गेलं त्यावर तू बोललीस. पण ते खरं नाही, आक्का. खरं काय ते सांगते, फक्त मला पहिल्यापासून सांगू दे. एकदम लिहायला हात धजत नाही.

डोळ्यांपायी अण्णाचं उद्यमबागेतल्या कारखान्यातलं काम सुटल्यावर आपल्या या भावाचं काय झालं ते तू येता-जाता बघितलंस, आम्ही रोज बघत होतो. ज्याचा हात मशीनवर कधी चुकला नाही त्याला ताटातली वाटी सापडत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, कडेकडेनं अंधार येईल, मधली खिडकी तेवढी राहील आणि तीही बारीक होत जाईल. पावसाळा संपल्यावर एक दिवस तो मला म्हणाला, "सौम्या, ही खिडकी बंद व्हायच्या आत मला समुद्राच्या आतलं बघायचंय."

मी म्हटलं, "अण्णा, तिथं तुला कसं जमंल?"

"विहिरीत मी डोळं झाकूनच बुड्या मारायचो न्हवं? आणि तिथं पाण्याखाली सगळ्यास्नीच हात धरून नेत्यात म्हणं. मग तिथं मी येगळा न्हाय."

तुला विचारलं तर तू म्हणालीस, "न दिसणाऱ्या माणसाला समुद्रात ढकलायला निघालीस काय?" म्हणून मग तुला न सांगताच गेलो.

लोंढ्याहून मडगाव आणि तिथून मुर्डेश्वर. तिथून बोटीनं नेत्राणी बेटाकडं नेतात. गाडीत अण्णा सगळ्यांशी बोलत होता. समोरच्या आजोबांना म्हणाला, "नावातच नेत्र हाय बघा, आमचं काम तिथं हुतंय." किती दिवसांनी त्याला असं बोलताना ऐकलं.

सकाळी बोट निघाली. सोबत बेंगळूरची पोरं-पोरी होती, गाणी म्हणत होती. किनाऱ्यावरची शंकराची मूर्ती मागं बारीक झाली, लाटा वाढल्या, तशी गाणी थांबली आणि निम्मी बोट कठड्याला धरून ओकायला लागली. मीही त्यातच. अण्णाला मात्र काही झालं नाही. तो माझ्या पाठीवर हात फिरवत बसला होता. कितीतरी वर्षांनी तो मला सांभाळत होता.

नेत्राणी म्हणजे समुद्रातून वर आलेला नुसता डोंगर. वस्ती नाही, बोट टेकायला वाळू नाही. कड्याखाली पाणी इतकं नितळ की वरूनच खालचे खडक दिसत होते. आम्हाला सिलिंडर बांधले, डोळ्यांवर मास्क चढवला, तोंडात नळी दिली. प्रत्येकाबरोबर एक शिकवणारा. अण्णाचं मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच्याबरोबरचा मुलगा होन्नावरकडचा, कन्नड बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "मी त्यांचं डोकं वळवीन, त्यांनी फक्त बघायचं."

खाली काय होतं ते तुला कसं सांगू? आपल्या श्वासाशिवाय कसलाच आवाज नाही. पोवळ्याचे खडक, काही कोबीच्या गड्ड्यासारखे, काही शिंगांसारखे फुटलेले. त्यातून पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्यानं आत-बाहेर करत होते. समोर जरा पुढं अण्णा तरंगत होता. तो मुलगा दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरून हळूच इकडं वळवी, तिकडं वळवी. अण्णा हात लांबवायचा आणि परत घ्यायचा. आक्का, त्याला तसं बघून मला वाटलं, आणलं ते बरं केलं. आजही वाटतं. पुढचं वाचलंस तरी हे विसरू नकोस.

वर आल्यावर दोराला धरून त्यानं मास्क काढला. हसत होता आणि रडतही होता.

"कासव बघितलंस न्हवं?" त्यानं विचारलं.

"कुठलं कासव?"

"कुठलं म्हणजे? तुझ्याकडनंच तर आलं. लई मोठं. ह्यानं माझं डोस्कं वळवलं तवा तुझ्या हाताला लागूनच चाललं हुतं."

माझ्याबरोबरचा शिकवणाराही म्हणाला, "मॅडम, मी दोनदा बोट दाखवलं. तुम्ही वळलाच नाहीत."

मी म्हटलं, मास्कमुळं कडेचं दिसलं नसेल. तो म्हणाला, होतं तसं कुणाकुणाला. बोटीतले हसले, मीही हसले.

दुपारी लॉजवर आलो. बोटवाल्यांनी पाण्याखाली काढलेला व्हिडिओ मोबाइलवर पाठवला होता. अण्णाला आता छोट्या पडद्यावर एकेक कोपरा शोधावा लागतो, म्हणून तो म्हणाला, "तू बघ आणि मला सांग." व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलो आणि मी सांगायला लागले. कासव डावीकडून येतंय. परातीएवढं आहे. पाठीवर तपकिरी नक्षी आहे. आता माझ्या कोपराजवळ आलंय.

"आणि तू?"

"मी समोर बघतीय."

"तो बोट दाखवतोय?"

"व्हय."

"तरी?"

व्हिडिओ पुढं चालला होता. कासव माझ्या खांद्यावरून वर गेलं आणि मी खडकाकडं बघत राहिले होते.

अण्णानं खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली. म्हणाला, "माझ्या नाकाकडं बघ. नजर हलवू नगंस." मग त्यानं दोन्ही हात माझ्या कानांच्या बाजूला लांब धरले आणि बोटं हलवायला लागला. पहिल्यांदा त्याला हुबळीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी केलं होतं तसं.

"आत्ता दिसत्यात?"

"न्हाय."

हात जरा जवळ आणले. "आत्ता?"

"न्हाय."

"खरं सांग."

"खरंच सांगतीय."

हात आणखी आत आले. माझ्या नाकाकडं बघताना त्याला स्वतःची बोटं दिसत नव्हतीच, आणि मलाही दिसत नव्हती. दुपारचं लख्ख ऊन होतं, आक्का. बऱ्याच वेळानं त्यानं हात खाली घेतले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

मग मला एकेक आठवायला लागलं. वर्गात कडेच्या बाकावरच्या मुली म्हणतात, मॅडम आमच्याकडं बघतच नाहीत, हात वर करून दुखतो. कपाटाचं उघडं दार कपाळाला लागलं ते तुला माहीत आहे. मध्ये चौकात सायकलवाला माझ्या स्कूटरवर आदळला, तेव्हा मी त्यालाच बोलले होते की आला कुठून. आई म्हणायची, पोरीचं लक्ष ठिकाणावर नाही, लग्न ठरतंय म्हणून. मलाही तसंच वाटायचं.

परत आल्यावर अण्णाला घेऊन हुबळीला गेले. घरी सांगितलं, त्याच्या तपासणीसाठी जातोय. या वेळी यंत्रासमोर मी बसले आणि तो बाकावर बसून राहिला. अंधारात ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. मी वाट बघत राहायची आणि ठिपका यायचाच नाही. तो येत होता, हे मला नंतर कागदावर दाखवलं. अण्णाचंच दुखणं आहे, आक्का. मला उशिरा सुरू झालंय, हळू चाललंय. वाचता येतं, शिकवता येतं, हे पत्र मी लिहितेय. पण स्कूटर त्याच दिवशी बंद केली. आईला सांगितलंय, ती बिघडलीय.

अण्णाच्या वेळी डॉक्टरांनी आपल्याला सगळ्यांना दाखवायला सांगितलं होतं. तू आणि मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, काही निघालं नाही, आणि आपण सुटलो असं समजलो. नंबर काढून हे कळत नाही. ते तेव्हा आपल्याला कुणी समजावलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

दवाखान्याबाहेर झाडाखाली अण्णा म्हणाला, "मला वाटत हुतं घरात माझ्या एकट्यावरच आलंय. माझ्यावर आलं म्हणून बाकीची सुटली, असं धरून मी एवढे दिवस गप सोसलं. आता काय धरून सोसू?" इतक्या वर्षांत तो माझ्यासमोर असं बोलला नव्हता. मी त्याचा हात धरून त्याला बसमध्ये चढवलं. चढताना मीच दाराच्या दांडीवर आपटले.

आता ओमकारचं. त्याला मी स्वतःच सगळं सांगितलं. शाळा सुटल्यावर किल्ला तलावाजवळ भेटलो होतो. त्यानं नीट ऐकून घेतलं. विचारलं, "किती दिवस दिसेल?" मी म्हटलं, नक्की कुणी सांगत नाही. "आणि मुलांना?" मी डॉक्टरांचं सांगितलं, की तो नात्याबाहेरचा आहे, त्यामुळं मुलांना होण्याची शक्यता फार कमी. काही दिवसांनी त्याचा निरोप आला, मला हे पेलणार नाही, पण कारण कुणाला कळू देणार नाही. घरी अजून माहीत नाही, म्हणून मीच त्याला तशी गळ घातली होती. मग त्यानं त्याच्या आईला फोटोंचं सांगितलं असणार. दुसरं काही सुचलं नसेल. तेव्हा त्यांच्या घराशी भांडू नकोस. भावोजींनाही सांग.

मला तो आवडला होता. तुला हे कधी म्हणाले नव्हते. रोज फोन संपताना तो "ठेवू का?" असं विचारायचा आणि मी व्हय म्हटल्याशिवाय ठेवायचा नाही. एवढंच. अजून त्या वेळेला मी मोबाइल हातात घेऊन बसते.

आई-आप्पांना पुढच्या महिन्यात सांगेन. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन, म्हणजे आईला धरायला कुणीतरी असेल.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, आई-वडील नात्यातले का? आई आप्पांच्या मामाची मुलगी, हे अण्णानं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आणखी कुणाचं लग्न नात्यात झालंय? भावोजी आपले आतेभाऊ. मी तसं सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, त्यांची मुलगी असेल तर तिला घेऊन या.

तू दिवाळीला आलतीस, तेव्हा आठव. दिवे लावायच्या वेळी तू ऋतिकाला परसातून तुळशीजवळची पणती आणायला सांगितलंस आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली. पुढं पाऊल टाकायला तयार नाही. आपण सगळे हसलो, भित्री म्हणालो. ती रडली नाही, फक्त भिंतीला हात लावून परत आत आली. भिंतीला हात लावून, आक्का. अण्णा चालतो तशी.

कदाचित ती नुसती भित्री असेल. देव करो आणि तसंच असो. पण तिला दाखव, आणि स्वतःचंही तपासून घे. चष्म्याच्या दुकानात नको, हुबळीलाच ने. मी सोबत येते. आणि तोवर घरात तिला कुणी भित्री म्हणू नका.

डॉक्टर म्हणाले ते अण्णानं ऐकलंय, पण उंबऱ्यावरचं मी त्याला काही बोललेले नाही. त्यानं दिवाळीला ते बघितलंही नव्हतं. तपासणीत काही निघालं नाही, तर आधी त्याच्या मोबाइलवर फोन कर, त्यालाच पहिल्यांदा कळू दे. निघालं, तर मला कर. शाळेच्या वेळेत कर, घरी असताना नको.

तुझी धाकटी,
सौम्या