माया न ठेवता बेतलेला झगा

३ मार्च
थंडीभर गुंडाळून ठेवलेला द्राक्षाचा वेल आज मांडवावर चढवत होतो. शिडीवर वाकलो आणि विजार मागून फाटली. आवाज मोठा झाला असावा. भिंतीपलीकडे शेजारी तुलकीन खोकला.

लग्न झाल्यापासून माझ्या अंगावर शिंप्याचा कपडा नाही. सगळं माझी बायको मुकद्दस शिवते. सध्या तिचा उजवा हात विश्रांती घेतोय. जानेवारीत झटका आला, उजवं अंग गेलं. मग पाय आला, बोलणं थोडं थोडं आलं, हात मागे राहिला. डॉक्टर म्हणाला, हाताची फार आशा धरू नका. डॉक्टरला अजून धड मिशी नाही. मी जन्मभर पाटबंधारे खात्याचे पंप दुरुस्त केले. बंद पडलेली वस्तू कधी चालू होते ते मला विचारा. माझा अंदाज : जर्दाळू पिकेपर्यंत.

संकल्प : तोवर तिला त्रास द्यायचा नाही. विजार मी स्वतः शिवणार. मशीन म्हणजे मशीन. सोपं आहे.

५ मार्च, सकाळ
वरून टीप देखणी. खालून चिमणीचं घरटं. मशीनमध्ये दोष आहे.

दुपार
मशीन उघडलं. मुकद्दस पलंगावरून म्हणाली, 'बॉबिन... उलटी.' मी म्हटलं, तू बोलू नकोस, दमशील.

८ मार्च
मशीन जोडून झालं. एक स्क्रू उरला. कारखान्यातून जास्तीचा आला असणार. घरटं तसंच.

महिला दिन म्हणून जुल्फीजारने आईला ट्यूलिप आणली. ही आमची धाकटी. सप्टेंबरात लग्न, मुलगा कोकंदचा. जाता जाता तिने बॉबिन काढली, उलटी केली, परत बसवली. त्यानंतर घरटं होत नाही. दुरुस्तीचा गुण यायला वेळ लागतोच.

१५ मार्च
विजारीचे दोन्ही पाय डावे निघाले. कापड सुलटीवर सुलट दुमडून कापायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुकद्दसला विचारलं नव्हतं हे खरं, पण ती आजारी आहे.

तिला दाखवायला नेलं. म्हटलं, हिच्यासाठी आता दोन डाव्या पायांचा नवरा शोध. ती भिंतीकडे वळली. खांदे हलायला लागले. हसतेय असं वाटून मी ती विजार घालून खोलीत फेरी मारली. मग दिसलं, रडत होती.

औषधांनी असं होतं.

२१ मार्च
नवरोज. गल्लीत गव्हाच्या खिरीची मोठी कढई चढली होती. दर वर्षी उलथनं मुकद्दसच्या हातात असतं. बायका बोलवायला आल्या, ती गेली नाही. मी सांगितलं, पुढच्या वर्षी तीच ढवळेल. बायकांनी उलथनं दुसरीला देऊन टाकलं. बायकांना घाई फार.

२ एप्रिल
विजार तयार! घालून चहाखान्यात गेलो. मांडी घालून बसलो. सगळ्यांनी विचारावं म्हणून पाय जरा पुढेच ठेवला होता. कोणी विचारलं नाही, पण उठताना बैठकीची शिवण उसवली. तुलकीन म्हणाला, 'इस्मतुल्ला दादा, उन्हाळ्याची सोय आत्तापासूनच केलीत की!' सगळे हसले. मी किटली मागे धरून घरी आलो. गरम होती.

शिकलो : बैठकीला दुहेरी टीप.

२० एप्रिल
आता बैठक पक्की. पण धुतल्यावर विजार घोट्याच्या वर गेली. शिकलो : सुती कापड आधी भिजवून वाळवायचं, मग कापायचं. जुल्फीजारला सांगितलं तर म्हणते, 'बाबा, हे आई मला शाळेत असल्यापासून सांगतेय.' सांगत असेल. मी तेव्हा पंपावर होतो.

हाताची प्रगती चांगली. रोज मेंढीच्या चरबीने चोळतो. मुकद्दस नको म्हणते. गुणकारी गोष्टीला वास असायचाच.

६ मे
मोठी बातमी. मशीन चालवत होतो, मुकद्दसचा हात शेजारच्या टेबलावर होता. तर्जनी हलली! मी ओरडलो. जुल्फीजार धावत आली. म्हणाली, 'पुन्हा चालवा.' चालवलं. तर्जनी हलली. चहाची वाटीही हलली. म्हणाली, 'बाबा, टेबल हलतंय.'

तरुण पिढीला कशाचा आनंद नाही.

१९ मे
जर्दाळू पिकले. काही लवकर पिकतात. खरबुजांपर्यंत थांबायला हरकत नाही.

२७ मे
माझी बहीण हनीफा आली होती. लग्नात कोणी काय घालायचं ते चाललं होतं. मुकद्दस एकदम म्हणाली, 'मी येणार नाही.' हनीफा म्हणाली, 'वहिनी, असं काय बोलता? मुलीचं लग्न आहे!' मुकद्दस म्हणाली, 'सगळे जेवतील. मी हात लपवत बसू?' जुल्फीजार उठून बाहेर गेली.

विचार केला. मुद्दा कपड्याचा आहे. जुल्फीजारच्या लग्नात घालायचं म्हणून मुकद्दसने लाल-काळं अद्रस रेशीम कधीचं पेटीत घालून ठेवलंय. ते स्वतः शिवायचं होतं तिला. झगा नाही, म्हणून यायचं नाही. साधं आहे.

झगा मी शिवणार. हनीफा म्हणाली, 'दादा, त्या रेशमाला कात्री लावू नकोस, तुझ्या पाया पडते. गल्लीच्या टोकाला शिंपीण आहे.' शिंपिणीला बोलावलं. मुकद्दसने तिला हाताला स्पर्श करू दिला नाही. शिंपीण चहा पिऊन गेली.

म्हणजे मीच.

११ जून
सराव चालू. दोन चादरी आणि एक पडदा खर्ची पडला. पडद्याच्या झग्याला मान जाईल एवढा गळा ठेवायचा राहिला. बाकी फिटिंग उत्तम. खिडकीतून रस्त्यावरचे लोक आत बघतात म्हणून झगा परत खिडकीला लावला. बाह्या लोंबतात.

माप तिच्या जुन्या हिरव्या झग्यावरून घेतोय. त्याची मनगटपट्टी पाहण्यासारखी आहे : अरुंद, घट्ट, ओळीने बारीक कापडी बटणं. मर्गिलानमध्ये अशी पट्टी फक्त मुकद्दस करते. तशीच करणार. तिला आवडेल. बटणं लावायला बोटं लागतात, पण सप्टेंबर लांब आहे.

४ जुलै
आज रेशीम कापलं. फुलं समोरासमोर जुळवली, खडूने रेघ मारली, बरोब्बर रेघेवर कापलं. माझ्यासारखं सरळ कापणारा विरळा.

५ जुलै
बाह्या न लावता कच्चा जोडून पाहिला, तरी झगा मुकद्दसच्या अंगात जात नाही. सगळीकडून अंगुळभर कमी. मी पुन्हा पुन्हा मोजलं. माप बरोबर, कापणं बरोबर, झगा लहान. रेशीम हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसलो. मुकद्दसने डाव्या हाताने कापडाची कड चाचपली. म्हणाली, 'माया ठेवली नाहीत.'

आजारपणापासूनचं तिचं सगळ्यात स्वच्छ वाक्य. माया म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड. ते रेघेच्या बाहेर सोडायचं असतं. मी म्हटलं, चादरींना कुठे ठेवली होती? म्हणाली, 'चादरी कोणी घातल्या?'

मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. किती दिवसांनी टोमणा मारला.

१२ जुलै
तसं रेशीम कुठेच नाही. विणकर म्हणाला, हा लाल आता लागत नाही, तो रंगवणारा म्हातारा गेला. त्याने गडद डाळिंबी तुकडा दिला. बगलेपासून खालपर्यंत दोन्हीकडे पट्टी घालणार. डिझाइन म्हणून सांगता येईल.

३० जुलै
पट्ट्या बसल्या. पहिल्यांदा बसवल्या, त्यातली एक उलटी होती. उसवली. रेशमावर जुन्या टिपेची भोकं राहतात. मुकद्दस म्हणाली, वाफेवर धरा, ओल्या नखाने घासा. भोकं बरीच बुजली. हे तिने आपणहून सांगितलं. आता पलंग सोडून मशीनशेजारी खुर्चीत बसते. मी टीप मारताना 'हळू' म्हणते. मी मुद्दाम जोरात मारतो, म्हणजे पुन्हा म्हणते.

खरबुजं बाजारात आली. हाताबद्दल आज विशेष काही नाही.

२३ ऑगस्ट
झगा पूर्ण. मनगटपट्टीचं शेवटचं बटण आज लावलं. बोटांना इतकी भोकं आहेत की चहा पिताना गळतील. पण पट्टी! हिरव्या झग्याशेजारी ठेवली, ओळखू येत नाही. येतं, पण उन्हात धरून पाहिलं तरच.

उद्या घालून बघायचा.

२४ ऑगस्ट
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

डावा हात सहज गेला. उजवा गेला नाही. मूठ वळलेली आहे, उघडत नाही, पट्टी अरुंद. मी म्हटलं, बोटं सरळ कर. म्हणाली, 'होत नाहीत.' मी म्हटलं, प्रयत्नच करत नाहीस. चरबीला नको म्हणतेस, व्यायामाला नको म्हणतेस, कसा येईल हात? मनगट धरून खेचलं. ती किंचाळली. पट्टीजवळ रेशीम फाटलं.

जुल्फीजार स्वयंपाकघरातून आली, हात पिठाचे. आईला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, 'बाबा, आईचा हात गेलाय. घरात सगळ्यांना माहीत आहे. आईला माहीत आहे. तुमच्यासमोर कोणी बोलत नाही एवढंच.'

मी म्हटलं, तू डॉक्टर आहेस का? म्हणाली, 'डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं. तुम्ही त्याच्या मिशा बघत बसलात.'

अंगणात जाऊन बसलो. पंप बंद पडला तर दोष सापडेपर्यंत उघडत राहायचं. कधी कधी दोष सापडतो आणि पंप तसाच राहतो. असे पंप आम्ही यादीतून काढायचो. माणसाचं असं कसं करायचं?

२५ ऑगस्ट, सकाळ
मुकद्दसने झगा मागितला. मी म्हटलं, राहू दे, फाटलाय. म्हणाली, 'आणा हो.' मांडीवर पसरला. मग खडू मागितला. डाव्या हाताने, वाकडी, पण एका दमात रेघ ओढली : मनगटापासून कोपरापर्यंत.

म्हणाली, 'इथून उघडा. पट्टी काढा. बाही रुंद करा, खाली पंख्यासारखी. अस्तर डाळिंबी.'

मी म्हटलं, आणि बटणं? 'काढा.' डाव्या बाहीची राहू देत? 'दोन्ही काढा. एकसारख्या दिसू देत.'

थोड्या वेळाने मी म्हटलं, हात बरा झाला की पुन्हा अरुंद करता येईल. माया ठेवतो आत.

तिने खडू खाली ठेवला. म्हणाली, 'अहो, नाही व्हायचा बरा.' समजूत घातल्यासारखं म्हणाली. जणू आजारी मी आहे.

बटणं काढली. एकेक. रडलो नाही. सुई टोचली.

१४ सप्टेंबर
लग्न झालं. मुकद्दस आली. पहाटेची पुलावाची पंगत उठल्यावर बायकांच्या दालनात लोडाला टेकून बसली. मूठ बाहीच्या आत, बाही मांडीवर पसरलेली, कोणाला काही दिसत नव्हतं. कोकंदची विहीण म्हणाली म्हणे, 'बाही नवीन फॅशनची दिसते, कोणी शिवली?' मुकद्दस म्हणाली, 'घरातच शिवून घेतली. कारागीर नवा आहे. ऐकत नाही, पण उसवायला कंटाळत नाही.' हनीफाने सांगितलं. मी हसलो, मग मांडवामागे जाऊन उगाच खुर्च्या मोजल्या.

निरोपाच्या वेळी जुल्फीजारने त्याच बाहीत तोंड खुपसलं. रेशमावर डाग पडलाय. जात नाही. मुकद्दस म्हणाली, घालवू नका.

१७ सप्टेंबर
घर रिकामं. सकाळी मुकद्दस म्हणाली, 'रोजच्या कपड्यांत हात घालताना त्रास होतो.' एवढंच म्हणाली.

पेटी उघडली. तिचे झगे बाहेर काढले. हिरवा वर ठेवला. त्याची पट्टी तिची स्वतःची, टिपा इतक्या बारीक की कात्रीचं टोक आत शिरेना. खूप वेळ लागला. ती शेजारी बसून बघत होती. 'हळू' म्हणाली नाही.

मग पुढचा घेतला. संध्याकाळपर्यंत सगळ्या उजव्या बाह्या उघडल्या.

हिवाळ्याच्यासुद्धा.