चेंबरची आतली बाजू

घरी, ता. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लावले, तेव्हा रागावायचं ते आताच रागावून घे. ट्रकने माझं डोकं खाल्लंय. सकाळी निघताना ऑइल प्रेशरचा काटा शहाण्यासारखा जागेवर असतो. भरलेली गाडी चढाला लागली की तो पडत जातो आणि लाल दिवा लागतो. गाडी बंद करून पंधरा मिनिटं थांबलं, की काही झालंच नाही असा पुन्हा वर. चौकातला मिस्त्री म्हणतो, बेअरिंगं गेली, इंजिन उतरवावं लागेल.

याहून वाईट पुढे आहे. मी उस्तादांना नको ते बोलले. बाबांच्या वेळेपासून सव्वीस वर्षं ते आपली गाडी चालवतायत, आणि मी मिस्त्रीसमोर म्हणाले, की तुम्ही ऑइल न बघता गाडी पळवलीत. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, चष्मा खिशात घातला आणि घरी गेले. त्याला चार दिवस झाले. बोलवायला जावं, तर चूक खरंच त्यांची असली तर काय, हा प्रश्न आहेच.

गॅरेजच्या कामाला तिकडे निघालास त्याच दिवशी इंजिनखालचं ऑइलचं चेंबर तूच उघडून बसवलंस, म्हणून खालच्या बाजूची मला काळजी नाही. आता काय करू ते सविस्तर कळव. जेवणाच्या वेळा पाळत जा. आमचा लोभ आहेच, तुझा पत्रातून दिसू दे.

ताई

गॅरेजमधून, ता. ८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रागावलो नाही, तुझ्यावर रागावून जेवण कुठे मिळणार?

घाई करू नकोस. आधी काट्यावरच विश्वास ठेवू नये. मिस्त्रीला सांगून दुसरा मीटर लावून बघ. मग ऑइलची पातळी बघायची पट्टी काढून ऑइल बोटावर घे, डिझेलचा वास आला तर ते पातळ झालंय. तोही नसेल तर प्रेशर व्हॉल्व्हची स्प्रिंग तपासायला सांग. तोवर गाडी चढावर नेऊ नकोस.

उस्तादांचं म्हणशील, तर त्यांचंही वय झालं. एखाद्या दिवशी लक्ष राहिलं नसेल. थोडे दिवस जाऊ देत.

इथे काम भरपूर आहे, मोठे मिस्त्री माझ्या हाताला सफाई आहे म्हणतात. माया आहे तशीच ठेव.

धाकटा

घरी, ता. १४ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

तू सांगितलंस ते सगळं केलं. नवा मीटर जुन्यासारखाच पडतो. ऑइलला डिझेलचा वास नाही. स्प्रिंगही धडधाकट आहे. सोमवारी मिस्त्री इंजिन उतरवणार.

काल केबिन झाडताना सीटमागे एक पुठ्ठा सापडला. उस्ताद रोज सकाळी पट्टी काढून तिचं टोक त्यावर टेकवत असावेत. ऑइलचे ठिपके ओळीने, प्रत्येकाखाली तारीख आणि पट्टीवरची पातळी. एकही दिवस चुकलेला नाही, पातळी एकदाही खाली गेलेली नाही. मी तो पुठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिले. तू लक्ष राहिलं नसेल असं लिहिलंस, म्हणून मी त्यांच्याकडे गेले नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ? तुला दोष देत नाही, बोलले मीच. पण मग चूक कुणाची, एवढं तरी सांग.

वाट बघते आहे.

ताई

गॅरेजमधून, ता. १७ मार्च

ती. ताईस सा. न.

विनंती विशेष एकच, इंजिन उतरवू देऊ नकोस. फोनही करतोय, लागला नाही तर हे पत्र आहे. फक्त चेंबर खोलायचं. आत ऑइल ओढणारी जाळी आहे, तिला लाल रबरासारखे तुकडे चिकटलेले सापडतील. बेअरिंगं झिजली असती तर काटा उभ्या गाडीत पडला असता आणि रेस दिल्यावर चढला असता. आपला उलट वागतो. इंजिन जोरात ओढायला लागलं की तुकडे जाळीवर बसतात, थांबलं की गळून पडतात.

हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. निघायच्या दिवशी चेंबरचं पॅकिंग फाटलं, दुकान बंद होतं आणि माझ्या बसची वेळ झाली होती. मी पॅकिंगऐवजी सांधा बुजवायच्या लाल पेस्टची अर्धी ट्यूब पिळली, ती वाळली की रबर होते. बोल्ट आवळल्यावर बाहेर आलेली पेस्ट अंगठ्याने पुसली. आतही तेवढीच आली असणार, हे तेव्हाही माहीत होतं. आतलं कोण बघतंय, असं वाटलं.

ताई, चूक एक वेळ घाईत झाली. पण तुला मीटर आणि स्प्रिंगच्या मागे पाठवलं, ते शांत बसून, विचार करून. उस्तादांच्या वयावर ढकललं तेही. ते लिहिताना एकदाही अडलो नाही, याचीच आता लाज वाटते. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. चेंबर त्यांनाच उघडू दे.

लोभ मागायचं तोंड राहिलेलं नाही.

धाकटा

घरी, ता. २५ मार्च

चि. धाकट्यास उस्तादाचे आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही, अक्षर लावून घे. तुझी ताई आली. पुठ्ठा काखेत, तुझं पत्र हातात. पत्र वाचता वाचता मध्येच थांबली, मग राहिलेलं मी वाचलं. किल्ली परत घेतली. चेंबर आम्ही दोघांनी मिळून उघडलं. जाळी निम्मी बुजली होती. एक बेअरिंग बदलावं लागलं, बाकी ठीक. काल चढावर नेऊन आणली, काटा हलला नाही.

आता माझं ऐक. मागच्या महिन्यात ऑइल बदललं, तेव्हा ऑइल सोडायच्या बोल्टबरोबर वाळलेल्या पेस्टचा लाल दोरा बाहेर आला होता. मी तेव्हाच ओळखलं. तुला पाना धरायला मी शिकवलं, लोकांनी तुझ्या कामाला नावं ठेवू नयेत असं वाटलं. सवड मिळताच गुपचूप साफ करणार होतो, तोवर चढावर थांबत थांबत गाडी हाकली. त्यात ते बेअरिंग गेलं, तेव्हा निम्मा गुन्हा माझाही आहे. ताईला हे मी सांगितलंय.

किल्ली ठेवून घरी आलो, तेव्हा वाटलं होतं, धाकटा दोन दिवसांत खरं काय ते लिहील. अठरा दिवस लागले. तेवढे दिवस मी पोस्टमनला विचारत होतो, तुझ्या ताईकडे काही आलं का.

जाळीवरचा एक तुकडा पाकिटात घातलाय. पान्यांच्या पेटीत ठेव. आणि यापुढे आतली बाजू आधी पुसत जा, बाहेरची मी पुसून घेईन.

उस्ताद