गळ्यातले हात

दि. १४, गुरुवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इथे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय लागली आहे म्हणून लिहिलं. पत्र वाचून झाल्यावर ते वाक्य खोडलंस तरी चालेल. तू कसा आहेस? जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत अजून तेवढंच उकडतं का? तू पाठवलेला फोटो आईने उशाशी ठेवलाय. रोज बघते आणि रोज म्हणते, "वाळलाय." मला तर तू चांगला गुटगुटीत दिसलास.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोन आईच्या खोलीत असतो, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून आईच्या पायांतला जोर गेला असला तरी कान शाबूत आहेत. म्हणून पत्र. तेही मी कापड बेतायच्या टेबलाशी उभी राहून लिहितेय, कारण फार वेळ बसलं की कंबर धरते.

तर कमरेचं सांगते. मागच्या वेळी तू म्हणालास, टेबल बुटकं आहे, वाकून वाकून दुखतंय, पायांखाली विटा लाव. लावल्या. टेबल उंच झालं, कापड बेतायला छान वाटतं, कंबर मात्र तशीच. मग तू पट्टा पाठवलास. तो बांधून मी चार दिवस पोलीस हवालदारासारखी घरभर फिरले. आई हसली तेवढा फायदा झाला. दुखणं कमी व्हायचं, मी निर्धास्त व्हायचे, आणि पुन्हा एखाद्या सकाळी उसण भरायची ती अशी, की मोरीच्या दाराला धरून उभं राहावं लागायचं.

शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड, पण सोडणाऱ्यांतल्या नाहीत. आधी नुसते प्रश्न. पायाला मुंग्या येतात का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का, लघवीवर ताबा आहे ना, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून जाग येते का. मला वाटलं, झालं, आता काहीतरी भयंकर निघणार. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडीने टकटक केलं, उताणं झोपवून एकेक पाय वर उचलला. पुढे वाकवलं, मागे वाकवलं. म्हणाल्या, "नस दबल्याची काही खूण नाही. एक्स-रे काढायची आत्ता गरज नाही. झोपून राहू नका, चाला. पट्टा दिवसभर नको. शेकलंत तर बरं वाटेल, पण बरं होईल ते हालचालीने." तीन-चार व्यायाम शिकवले.

मग विचारलं, "घरात जड काही उचलता का?"

मी म्हटलं, "छे, जड असं काही नाही."

दादा, आईचं वजन काही फार नाही, हे खरं आहे. पण मी खोटं बोलले तेही खरं आहे. उचलते म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, उचलू नका. मग कोण उचलणार होतं? तू होतास ना समोर, आई म्हणाली तेव्हा, "परक्या हाताने मला कुणी उचलायचं नाही"? तू म्हणालास, "नाही उचलणार, आई." आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन बंदराला गेलास. शब्द तू दिलास आणि पाळतेय मी. हे मी आजवर लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण आता राग गिळून गिळून पोट भरलंय.

मी कशी उचलते ते तू बघितलेलं नाहीस. पलंगाच्या कडेला बसवते, समोर वाकते, ती दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकते, मी तिच्या कमरेला मिठी मारते आणि खेचून खुर्चीत आणते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत. तिच्या हातांत अजून तलावातला जोर आहे. आयुष्यभर मुलींना पोहायला शिकवलेले हात ते, धरले की धरले.

व्यायामाने खरंच बरं वाटत होतं. तोंडात शीळ यायला लागली होती. मग पुन्हा कंबर धरली, आणि या वेळी मला दवाखान्यापर्यंत जाताच येईना, म्हणून बाई घरी आल्या.

त्यांनी मला तपासलं, मग सहज आईच्या खोलीत डोकावल्या. खुर्ची बघितली, पलंग बघितला, माझ्याकडे बघितलं. "जड काही नाही का?" एवढंच म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्या आईशी गप्पा मारत बसल्या आणि बोलता बोलता तिची बाही वर सरकवली. दोन्ही कोपरांच्या वर, आतल्या बाजूला, काळेनिळे डाग. "आई, हे कशाने झालं?"

आई खिडकीकडे बघत राहिली.

तुला मात्र सांगायलाच हवं. तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी, आंघोळीनंतर, मी तिला स्टुलावरून उचलत होते. अर्ध्यात उसण भरली. माझे पाय लटपटले, तिचा तोल गेला आणि तिने गळा घट्ट आवळला. ती खाली जात होती आणि मला घेऊन जात होती. मला श्वास घेता येईना. दादा, आई आपल्याला काय शिकवायची आठवतंय? बुडणाऱ्याने गळा धरला तर त्याच्या कोपरांना खालून धक्का द्यायचा आणि निसटायचं. मी विचार केला नाही. माझे हात आपोआप वर गेले. मी आईचे हात गळ्यातून सोडवले आणि ती ओल्या फरशीवर बसली. धप्पकन. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

मीही शेजारी कोसळले. उठता येईना. आईनेच तांब्या घेऊन नळाच्या पाइपवर ठोकायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका आणि त्यांची बायको किल्ली घेऊन धावत आले. आई त्यांना हुकूम सोडत होती, "आधी तिला बघा." त्यांनीच तिला उचललं, परक्या हातांनी, आणि ती एक अक्षर बोलली नाही. डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत आहे. पुन्हा खुब्याचं हाड मोडलं असतं तर? मी पुढचा विचारच करू शकत नाही.

त्या दिवसापासून आईने माझ्या गळ्यात हात टाकले नाहीत. मी वाकले की हात मांडीवर घट्ट धरून बसायची. घड्याळवाल्या काकूंना हाक मारून वेळ भागवत होतो. आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मला वाटलं, आता ही मला कधी माफ करणार नाही. जेवण जाईना.

तर बाई विचारतायत, कशाने झालं, आणि आई खिडकीबाहेर बघतेय. मग मीच म्हटलं, "मी केलं. मी तिला ढकललं." आणि रडायलाच लागले, लहान पोरीसारखी, परक्या बाईसमोर.

आई खिडकीकडून वळली. तलावावर मुलींवर ओरडायची ना, त्या आवाजात म्हणाली, "हनुवटी आत घेतली नाहीस. आधी हनुवटी छातीला लावायची, मग धक्का. किती वेळा सांगितलंय, चिंगे? मान मोडली असती तुझी."

मी डोळे पुसले.

"आणि गळा धरला मी," ती म्हणाली. "मी! सगळ्या जगाला सांगत फिरले, गळा धरू नका. लाज वाटत होती मला, दुसरं काय." मग बाईंकडे वळून, "हिला असं उचलू देऊ नका. दुसरं काही असेल तर शिकवा. परके हात चालतील मला."

ती लाज धरून बसली होती आणि मी तो राग समजत होते.

आता आईच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधतो, दोन्ही बाजूंना मुठी असलेला. तिने स्वतः पुढे झुकायचं, दोघांनी दोन बाजूंनी मुठी धरायच्या, गुडघे वाकवायचे आणि एकदम उठवायचं. गळ्याला हात नाही. सकाळी एक मदतनीस येते. मीही व्यायाम सुरू ठेवलेत. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणतात कंबर सुधारेल, पण एकटीने उचललं तर पुन्हा जाईल, आणि पुन्हा गेली तर आईही जाईल सोबत. संध्याकाळी मदतनीस मिळत नाही. घड्याळवाले काका येतात, पण त्यांचंही वय झालंय.

पुढच्या महिन्यात तुझी सुट्टी आहे. निम्मी मित्रांकडे घालवतोस. या वेळी सगळी इथे घालव आणि पट्टा धरायला शीक. सल्ले भरपूर झाले, विटासुद्धा अजून टेबलाखाली आहेत. हात हवेत. आलास तर आई घरात राहील. नाही आलास तर मला तिच्यासाठी दुसरी जागा बघावी लागेल, आणि ते मी तिला एकटीने सांगणार नाही.

एवढं लिहीपर्यंत आईची हाक आली. "दादाला लिहितेयस ना? त्याला म्हणावं, येताना नखं कापून ये. तलावात उतरायच्या आधी मी सगळ्यांची बघायचे."

ती तू येणार हे धरूनच चालली आहे. मी अजून धरलेलं नाही.

दुसरी मूठ मोकळी ठेवून उभी असलेली,
तुझी
चिंगी