विहिरीतला समुद्र

रविवार, २ मार्च १९८६

आज दुपारी येथे येऊन पोहोचलो. आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, सागाच्या रानात आमच्या संस्थेचे हे केंद्र आहे. व्यवस्थापक म्हणून माझी ही बहुधा अखेरची नेमणूक. निवृत्तीपूर्वीचा काळ शांततेत जावा अशी इच्छा होती, आणि जागा पाहून ती पुरी होईल असे वाटते. सत्यशीला नागपूर सोडल्यापासून आनंदात आहे. जीपमधून उतरताच तिने अंगणात मोहाचे झाड आहे हे पाहून घेतले आणि मुले मार्गी लागल्यावर प्रथमच आपण दोघेच राहणार, असे म्हणाली. क्वार्टर नीटनेटके असून भिंतींना नुकताच चुना दिलेला आहे.

चौकीदार लटारू याने सामान उतरवले. पाणी भरणारी गुणाबाई सत्यशीलेला न्याहाळून म्हणाली, "बाई, इथी करमन का तुमाले? इथी तं माकडंबी कंटाळून जाते." सत्यशीला मनापासून हसली. पुष्कळ दिवसांनी तिचे असे हसणे ऐकले.

मंगळवार, ४ मार्च

संशोधनप्रमुख डॉ. वेर्णेकर यांनी आज टाक्या दाखवल्या. ते मूळचे गोव्याचे, बोलके आणि उन्हात टोपी न घालणारे. समुद्रापासून इतक्या दूर समुद्राचे पाणी कशासाठी, असे मी विचारले. किनाऱ्यावर टाक्यांत भलते जीव शिरतात, ती भीती येथे नाही; शिवाय कोळशाच्या भट्ट्यांचा कर्बवायू आयता मिळतो, असे त्यांनी सांगितले.

त्यांचे म्हणणे मला समजले ते असे. हवेत धूर वाढला की समुद्र तो शोषून घेतो आणि त्याचे पाणी थोडेथोडे आंबटाकडे झुकते. त्या पाण्यावर तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती उन्हावर जगतात. त्यांतील एक जात अंगाभोवती चुन्याचे कवच घडवते, आणि आंबट पाण्यात ते विरते. मग काही मरतात, काही पातळ कवचावर भागवतात, काही आपली वाढ आवरती घेतात. जे तगतात त्यांनाच पुढच्या, अधिक आंबट टाकीत सोडायचे, असा क्रम येथे अनेक वर्षे चालू आहे.

शेवटच्या टाकीतले पाणी मात्र निवळशंख दिसले. तेथील जीव मेले काय, असे विचारता ते म्हणाले की मेले असते तर तळाशी गाळ दिसला असता, गाळ नाही. ते कोठे गेले याचा उलगडा त्यांना झालेला नाही. ही गोष्ट त्यांनी हसत सांगितली. हिशेबात शिल्लक जुळत नसताना हसणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

रविवार, ९ मार्च

केंद्राच्या आवारात खर्रा खाण्यास आजपासून मनाई केली. नव्या चुन्याच्या भिंतींवर सर्वत्र पिचकाऱ्या आहेत, आणि तळहातावर तंबाखू, सुपारी व चुना घोटण्यात माणसांचा निम्मा वेळ जातो. लटारूने हात जोडले, पण बोलायचे ते बोललाच: "साहेब, भाताबिना राहीन, खर्ऱ्याबिना नाई होत. मानूस कायच्या जोरावर काम करन?" तो आवारातच राहत असल्याने त्याला पाळणे भाग आहे. गुणाबाईने चुन्याची डबी कमरेला खोचली. तिच्याकडे मी काणाडोळा केला.

रविवार, २३ मार्च

सकाळचा चहा नासला. दूध बदलून पाहिले, तरी तेच. दोष पाण्याचा आहे. गुणाबाईही म्हणाली, "विहिरीचं पानी खारं लागून राह्यलं." डॉ. वेर्णेकरांच्या मते उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते, त्यामुळे शेवटच्या टाकीचा पाझर तिच्यात उतरला असावा. मिठाखेरीज त्यात अपायकारक काही नाही. जवळपास दुसरी विहीर नाही. सत्यशीला म्हणते, आमटीत मीठ कमी घातले की झाले.

रविवार, ६ एप्रिल

या आठवड्यात काही अप्रिय गोष्टी घडल्या, त्या नोंदवणे आवश्यक आहे.

डॉ. वेर्णेकर टाकीच्या कठड्यावरून घसरले. हात मोडला असे वाटून आम्ही धावलो. हात मोडला नव्हता, वाकला होता. कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, ओल्या फांदीसारखा. वेदना नाही असे ते वारंवार सांगत होते. त्यांना जीपने चंद्रपूरला पोहोचवले. तेथून ते गावी गेले.

लटारूचे पुढचे दात हलतात.

आणि आज जेवताना सत्यशीलेने भाताच्या घासातून खडा म्हणून जे काढले, तो तिचा दात होता. रक्त आले नाही, दुखलेही नाही. तो ताटाच्या कडेला ठेवून तिने उरलेला भात बोटांनी चाचपून पाहिला.

गुरुवार, १० एप्रिल

सत्यशीलेला आलापल्लीच्या डॉक्टरांकडे नेले. तरुण परंतु सावध गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितले की रक्तात चुन्याचा अंश ठराविक असावा लागतो, आणि तो घटला तर शरीर हाडे झिजवून रक्ताची भरपाई करते. रक्त आंबटाकडे झुकू नये म्हणूनही हाडेच खर्ची पडतात. काही झाले तरी रक्ताचे पाणी बदलू द्यायचे नाही, अशी शरीराची रीत आहे. या वयात स्त्रियांना असे होते. गोळ्या दिल्या आणि उन्हात बसण्यास सांगितले.

निदान स्पष्ट आहे, उपाय सोपा आहे. मनावरचा भार उतरला.

सोमवार, १४ एप्रिल

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त पलीकडच्या गावातील विहारात गेलो. वंदनेनंतर बायका मांडवाच्या सावलीत बसल्या, सत्यशीला मात्र भर उन्हात. अंजनाबाई नावाच्या वृद्ध बाईंनी तिला चिडवले, "काऊन वं माय, आंगाचे पापड वाळवून राह्यलीस का?" सगळ्या हसल्या. सत्यशीलाही हसली, पण उठली नाही. शेवटी मी हात धरून उठवले तेव्हा, झोपेतून कोणी हलवून जागे करावे तशी ती माझ्याकडे पाहू लागली.

मंगळवार, २२ एप्रिल

लटारू उभा राहताना कोसळला. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला वाकले आहेत. गुणाबाई मात्र त्याच विहिरीचे पाणी पिते आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन ताठ चालते. असे का, याचा मी लटारूच्या खाटेजवळ उभा राहून विचार करीत असताना त्यानेच सांगितले: "ते डबी घेऊन फिरते ना, साहेब. चुना हाय तिच्या पोटात. माहा तुम्ही सोडवला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हे अधिक वाईट. आदेश माझा होता. त्याला जीपने चंद्रपूरला पाठवले.

आजपासून सत्यशीलेला रोज दह्यात चुना देत आहे, मीही घेतो. मनाई मागे घेतली. डॉ. वेर्णेकर गेल्यापासून टाक्यांवरची माणसेही फिरकत नाहीत; पाळण्यासाठी येथे आता कोणी नाही.

बुधवार, ३० एप्रिल

चुना लागू पडला. ती काठीवाचून चालते, पाठ सरळ झाली. मला रडू आले ते तिला दिसू दिले नाही.

मात्र जेवत नाही. भूकच नाही म्हणते. सकाळपासून अंगणात बसते. मोहाची सावली जशी सरकते तशी तीही सरकते, सावली टाळून. ऊन असे आहे की कावळासुद्धा बाहेर पडत नाही. मी छत्री धरली तर तिने ती बाजूला केली. ओरडली नाही. भांड्यावरची माशी हाकलावी तशी.

तिच्या हातांच्या शिरा निळ्या होत्या. आज त्या हिरव्या दिसल्या.

सोमवार, ५ मे

जे मनात आले ते शक्य तितक्या स्पष्टपणे लिहितो.

समुद्राचे पाणी बदलत गेले. त्या जिवांना हवे होते न बदलणारे पाणी: खारट, कोमट, ज्यात चुना कधी कमी पडू दिला जात नाही. असे पाणी कोठे आहे, हे आलापल्लीच्या डॉक्टरांनीच मला सांगितले होते. रक्तही खारटच असते.

शेवटच्या टाकीतले जीव मेले नाहीत. त्यांनी टाकी सोडली. विहिरीत उतरले, विहिरीतून आमच्यात.

आणि मी चुना देत आहे. घर पडू नये म्हणून डागडुजी करतो आहे, पण राहणारे कोण?

सत्यशीला जीपमध्ये बसायला तयार नाही. आत अंधार आहे म्हणते. मी एकटा आलापल्लीला जाऊन डॉक्टरांना हे सारे सांगितले. त्यांनी मला पंख्याखाली बसवले, पाणी दिले, ऊन लागले आहे असे समजावले.

परतलो तेव्हा दुपार होती. विहिरीजवळ गुणाबाई उभी होती. केस मोकळे, हात पसरलेले, डोळे सूर्याकडे उघडे. हाक मारली. म्हणाली, "आता नको बोलू, साहेब. चांगलं लागून राह्यलं." तिने मला कधी अरेतुरे केले नव्हते.

बुधवार, ७ मे

उन्हावर जगणारे अंधारात मरतात. दुसरा मार्ग नाही. आतल्या खोलीची खिडकी पोत्यांनी बंद केली, फटींत चिंध्या कोंबल्या. चुना बंद. विहिरीवर फळ्या ठोकल्या. भट्टीतून टाक्यांकडे वायू नेणारा नळ तोडला — आता त्याने काय होणार.

तिला आत नेताना तिने विरोध केला नाही. उंबऱ्यावर थांबून इतकेच विचारले, "अहो, माझं काही चुकलं का?"

बाहेरून कडी लावली. तेहेतीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी कडी लावली नव्हती.

शुक्रवार, ९ मे

काल दिवसभर ती दार वाजवीत होती. आज आवाज बदलला. लाकडावर ओला कपडा आपटावा तसा. काय आपटते आहे ते मला कळते. चुना नाही, ते मरताना हाडांतून घेत असणार —

उजेड शिरू नये म्हणून दारावर घोंगडी टाकून आत गेलो. पाणी पाजले, माझ्या वाट्याचे, रांजणात उरलेले. तिने माझे नाव घेतले. नाव ती कधी घेत नाही. माझी थोरली बहीण मला लहानपणी कोणत्या नावाने हाक मारी, तेही सांगितले. हे तिचेच बोलणे. आत अजून तीच आहे.

मग चार घटका थांबायचे. ते आधी मेले पाहिजेत, ती नाही. फक्त ते आधी —

शनिवार, १० मे

हाक मारली. उत्तर नाही.

हाक मारली. श्वास आहे. फार सावकाश.

कडीवर हात ठेवून बसलो आहे. उघडले तर ते वाचतील. नाही उघडले तर —

हे गणित मला सुटत नाही.

रविवार, ११ मे

उघडले.

उचलू गेलो, ती माझ्या दोन्ही हातांवरून खाली लोंबली. पिळून काढलेल्या लुगड्यासारखी. कोठेही आधार लागेना. मान तेवढी धरता आली. अंगणात आणून निजवले. मी हे केले. मी तिला उन्हात ठेवले. दुसरे काही जमले नाही.

थोड्या वेळाने डोळे उघडले. सूर्याकडे, न मिटता. हसली. इतकी तृप्त मी तिला कधीच — लग्नात नाही, मुले झाली तेव्हा नाही —

गुणाबाई आली आहे, शेजारी उभी आहे. डबी उघडून सत्यशीलेच्या जिभेवर चुना ठेवते आहे. मी अडवले नाही.

सत्यशीला म्हणते, "या ना इकडे. उगाच सावलीत कशाला बसलात?" तिचाच आवाज आहे. शब्दही तिचेच.

जाणार नाही. ओसरीवर, खांबाच्या सावलीत बसून लिहितो आहे. माझ्या हातांच्या शिरा पाहिल्या. लिहिण्यासारखे नाही. कालपासून जेवलो नाही, भूक लागलेली नाही.

डावा हात उन्हात आहे. तो मी तेथे ठेवलेला नाही. मागे घेतो म्हणतो, पण इतके बरे वाटते की —